बिनडोळ्याचा मासा

परदेशातल्या झाडून साऱ्या रॉक बँडांची चिन्हं कोणी, कुठे बसून आणि मनात काय धरून काढली, हे अख्ख्या रायगड जिल्ह्यात फक्त माझ्या आतोबांना कळत असे; आणि त्यांतल्या एकाही बँडचं एकही गाणं त्यांनी जन्मात ऐकलेलं नव्हतं. पत्रकं लिहून लिहून माझा हात भडक झालाय, असं आमच्या संघटनेतली जुनी मंडळी म्हणतात. म्हणोत. वरच्या वाक्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. राहायला पेणला, काम गणपतीच्या कारखान्यात. तिथे साच्यातून मूर्ती काढणारे वेगळे, घासणारे वेगळे, अंग रंगवणारे वेगळे; पण डोळ्यांची आखणी करायची ती आतोबांनीच, आणि तीही सगळ्यात शेवटी. आखणीला बसायच्या आधी ते आंघोळ करत. दिवसातून चार वेळा आखणी असली तर चार वेळा आंघोळ. एकदा तांब्या खाली ठेवला की डोळे पुरे होईपर्यंत कोणाशी बोलायचं नाही, मालकाशीही नाही. कारखान्याला आग लागली तरी ते आधी डावा डोळा पुरा करतील आणि मग बादली शोधतील, असं मालक म्हणायचे, आणि त्यात तक्रारीपेक्षा अभिमानच जास्त असायचा. "डोळे नाहीत तोवर ती माती," आतोबा सांगत, "डोळे आले की तिच्याकडे पाठ करून विडीपण ओढायची नाय." आपल्या हातची एकही मूर्ती बिनडोळ्यांची पायरी उतरलेली नाही, हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणत. गिऱ्हाइकाला म्हणत, टपालवाल्याला म्हणत, कोणी नसलं तर आत्याला म्हणत. आत्या म्हणे, "ठाऊक आहे हो, पाणी भरा."

आता एवढ्या सोवळ्या माणसाच्या घरात ती रॉक बँडांची भुतं शिरली कशी, तर मस्कतमार्गे. आतोबांचा शाळेतला एक दोस्त, बाजूच्याच गावचा कोकणी मुसलमान, मस्कतला एका दुकानात नोकरीला होता. सुटीवर आला की खजूर, अत्तर आणि साबण आणायचा. एका वर्षी त्याने दुकानात पडून राहिलेल्या आठ-दहा कॅसेटी आणल्या. आतोबांनी डबी उघडली, कॅसेट बाजूला ठेवली आणि आतला कागद डोळ्यांशी धरला. त्याच्यावर लालभडक ओठ आणि त्यातून बाहेर आलेली लांबलचक जीभ. तो घेऊन ते पंधरा मिनिटं दारातल्या उजेडात बसले. मग म्हणाले, "ही जीभ आपली हाय."

"तुझी?" दोस्त म्हणाला.

"चिडवायला काढलेली जीभ टोकाला वळते. ही खाली लोंबते. ही देवीची जीभ. ज्यानं काढली त्याच्यासमोर आपल्या कालीमातेचं कॅलेंडर होतं. लिहून ठेव."

"अरे बाबा, ऐकून तरी बघ एकदा! लोक पैसे देऊन ऐकतात."

"चित्र बघितलं ना? आता ऐकायचं काय राहिलं?"

त्यांच्या घरात टेपरेकॉर्डर नव्हता, आणि शेवटपर्यंत आला नाही. कागद आतोबांनी पत्र्याच्या पेटीत ठेवले आणि कॅसेटी आत्याच्या ताब्यात गेल्या. आत्या पोह्याचे पापड करून विकायची. तिने कॅसेटींतली फीत ओढून काढली आणि गच्चीवर पापडांभोवती बांधली. उन्हात ती चकाकली, वाऱ्यावर फडफडली, की चिमण्या लांब पळत. साऱ्या जगाची झोप उडवणारं ते संगीत पेणमध्ये इतकी वर्षं चिमण्या हाकलायचं काम करत होतं, आणि माझ्या मते त्याचा याहून समाजोपयोगी वापर कोणी केलेला नाही.

मी तेव्हा कॉलेज अर्धवट सोडून चळवळीत पडले होते आणि जो दिसेल त्याला जाब विचारत होते. रोह्याशेजारी वरसे गावात आमचं घर. तिथून पेणला आले की आतोबांच्या ओटीवर माझी तोफ सुरू व्हायची. "आतोबा, ही सांस्कृतिक गुलामगिरी आहे!" मी ओरडले. ते शांतपणे म्हणाले, "गुलामगिरी कसली गो? ओठ त्यांचे, जीभ आपली. कोण कोणाचा गुलाम झाला?" पत्रकात उत्तर द्यायला वेळ मिळतो, ओटीवर मिळत नाही.

मग दर सुटीला नव्या कॅसेटी आल्या आणि नव्या उपपत्ती. एका बँडच्या नावाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर बाहेरच्या बाजूला भाल्यासारखं लांबवलेलं होतं. आतोबा म्हणाले, हा माणूस पालखीला खांदा दिलेला असणार. दोन्हीकडे दांड्या असल्याशिवाय मधलं जड उचललं जात नाही, हे खांद्याला कळल्याशिवाय हाताला कळत नाही. दुसऱ्या एकावर दोन सिंह, एक खेकडा, पऱ्या आणि वर पंख पसरलेला मोठा पक्षी अशी जत्रा भरली होती. "हे पेंटरानं काढलेलं नाय. गाणाऱ्यानंच काढलंय. गिऱ्हाईक स्वतः ब्रश घेऊन बसलं की अशी गर्दी करतं." एका कॅसेटीवर पिवळा गोल चेहरा होता, हसू वाकडं आणि डोळ्यांच्या जागी दोन फुल्या. तो कागद आतोबांनी पाहिला, पालथा घातला आणि वर रंगाचा डबा ठेवला. "याला आखणी येत नव्हती, म्हणून फुल्या मारल्या. येत नाय तर सांगावं माणसानं. मी गेलो असतो." त्या दुःखात ते दोन दिवस जेवले नाहीत असं ते सांगतात. आत्या सांगते, एक वेळ.

एकदाच काय तो आत्याने या शास्त्रात हात घातला. एका चिन्हात दोन-दोन इंग्रजी अक्षरांच्या मधे वीज कडाडलेली होती. आतोबांचं म्हणणं, हा गडी आधी विजेच्या डांबांवरच्या धोक्याच्या पाट्या रंगवत होता. आत्या तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "ही अक्षरं माझ्या शिवणाच्या मशीनच्या मोटरवर आहेत." आतोबा हसले. इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्हणजे साता समुद्रापलीकडं बसून तुझी मशीन बघून काढलं वाटतं!"

पुढल्या सुटीला दोस्ताने एका इंग्रजी मासिकाचं फाटकं पान आणलं. त्यात या चिन्हांच्याच जन्मकथा होत्या. वाचायला मला बसवलं. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं, की ती जीभ काढणाऱ्या तरुण चित्रकाराने खरोखरच कालीमातेचं चित्र नजरेसमोर ठेवलं होतं. आतोबा उठून उभे राहिले. मी पुढे वाचलं: खेकडा आणि सिंह गाणाऱ्यानेच काढले होते. आतोबांनी टोपी घातली. तिसऱ्या परिच्छेदात होतं, की वीजवाल्या बँडला नाव सुचलं ते घरातल्या बहिणीच्या शिवणाच्या मशीनवरून.

आत्या तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. फक्त एक खडा जरा जोरात ताटाबाहेर टाकला.

ते पान आतोबांनी लॅमिनेट करून घेतलं आणि महिनाभर पेणच्या बाजारात फिरवलं. न्हावी, वाणी, एस.टी.चा कंट्रोलर, सगळ्यांना दाखवलं. पण दाखवताना त्यांचा डावा अंगठा कायम त्या तिसऱ्या परिच्छेदावर असे. लॅमिनेशनवर त्या जागी अंगठ्याचा धुरकट डाग पडला तो आजही आहे.

इथपर्यंत सगळी गंमत होती. पण आता आमच्या खाडीचं सांगितलंच पाहिजे, कारण आतोबांना मी मोठं मानते ते तिथून.

रोह्याच्या खाली खाडीकाठी जी गावं आहेत, त्यांच्या पाण्यात एका कंपनीचा पाइप येऊन पडत होता. पाइपातून कधी पिवळं, कधी तांबूस पाणी. वास असा की ओहोटीला गावात दारं लावून बसावं. मासे मरून काठाला लागत, आणि जे जिवंत मिळत ते कोणी घेत नसे. बायका पाट्या घेऊन रोह्याच्या बाजारात बसायच्या. गिऱ्हाईक विचारायचं, "खाडीचं काय?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचं. त्यांतली एक कोळीण आजी लागोपाठ आठ दिवस भरलेली पाटी डोक्यावर घेऊन परत गेली आणि नवव्या दिवशी पाटी न घेता आमच्या संघटनेच्या खोलीवर आली. म्हणाली, "तुमी कागदं छापतां ना? मंग मना सांगा, कंच्या कागदान् पाईप बुजतंय." आम्ही मोर्चा ठरवला.

मोर्चाचा मुख्य फलक रंगवायला मी पेण गाठलं. बरोबर मजकूर नेला होता. तो मी रात्र जागून लिहिला होता आणि मला फार आवडला होता: 'खाडीच्या पाण्यात विषारी रासायनिक सांडपाणी बेमुर्वतपणे सोडून मच्छीमार बांधवांच्या आणि भगिनींच्या उपजीविकेवर घाला घालणाऱ्या मुजोर कंपनी व्यवस्थापनाचा व त्यास पाठीशी घालणाऱ्या निगरगट्ट प्रशासनाचा तीव्र निषेध!'

आतोबांनी तो वितीने मोजला. "मांजरपाट किती आणलास?"

"चार मीटर."

"एवढं लिहायचं तर कापडाचं एक टोक रोह्यात धर न दुसरं वडखळ नाक्यावर. मधे नागोठण्यात 'निगरगट्ट' येईल."

"आतोबा, थट्टा नको. माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे."

"म्हणून तर सांगतोय. एकदा बघितलं की म्हातारीला कोळशानं भिंतीवर काढता आलं पाहिजे, त्याला निशाणी म्हणतात. जीभ काढता येते. वीज काढता येते. तुझा 'तीव्र निषेध' काढून दाखव बघू कोळशानं."

मी चिडले, आणि कागद ठेवून निघून आले. आतोबा आठ दिवस पेटी उघडून बसले. सगळे कागद त्यांनी ओटीवर मांडले, जीभ मधे, वीज उजवीकडे, पालखी डावीकडे. आठव्या दिवशी निरोप आला. मी पेणला गेले, तर मांजरपाटावर तीन रेषा होत्या. दोन वाकलेल्या आणि शेपटीची एक. मासा. दुसरं काही नाही, एक अक्षरही नाही. पण त्या माशाची पाठ अशी काही वळली होती, की पाहताना आपला श्वास अडकावा.

"हा माझ्या रांगोळीतला," आत्या म्हणाली. खरंच होतं. तिच्या दारात रोज सकाळी तसाच मासा असे. फक्त डोळ्याच्या जागी ती कुंकवाचा ठिपका देई. आतोबांनी मला कुठून रेष सुरू केली ते दाखवलं, आणि दाखवताना त्यांचा डावा अंगठा आपोआप कापडावर काहीतरी झाकत होता. तिथे काहीच नव्हतं, तरी झाकत होता.

मोर्चाच्या सकाळी मी टेम्पो घेऊन फलक न्यायला आले. आतोबा मोरीत होते. मासा अंगणात दोरीवर वाळत होता, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता, रोह्याला माणसं जमायला लागली होती. मी फलक गुंडाळला आणि निघाले. माशाला डोळा नव्हता हे मला दिसलं होतं, हे मी इथे कबूल करते. मला वाटलं, ही त्यांची कला असेल. जो माणूस फुल्यांवरून उपाशी राहतो, तो आंघोळीला कशासाठी गेला असेल, हे मला कळायला हवं होतं. मोर्चाच्या घाईत पुढाऱ्यांना जी अक्कल सुचत नाही, तिचा हा नमुना.

पुढचं आत्याने सांगितलं. आतोबा पंचा नेसून, ओल्या अंगाने, खारीच्या केसांचा बारीक ब्रश दातांत धरून बाहेर आले. मौन सुरू झालेलं. दोरी रिकामी. त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "तुमची पुढारीण घेऊन गेली." आतोबांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा आखणीआधी तोंड उघडलं. काय म्हणाले ते आत्या सांगत नाही. मग सदरा अडकवला, करवंटीत काळा ऑइल पेंट घेतला, वर केळीचं पान बांधलं आणि पंच्यावरच स्टेशन गाठलं. रोह्याची गाडी मिळाली. गाडी वाटेत निडी स्टेशनात थांबली ती थांबलीच. डब्यातले लोक विचारायला लागले, बाबा, करवंटीत काय? आणि आतोबांनी सगळ्या डब्याला सांगितलं, "माझा एक मासा आंधळा बाहेर पडलाय. बिनडोळ्याचा! माझ्या हातचा!" ते इतक्या कळवळून म्हणाले, की कोणाचं तरी माणूस हरवलंय असं समजून दहा-बारा जण रोह्याला त्यांच्याबरोबरच उतरले.

इकडे आमचा मोर्चा रोह्याच्या सरकारी कचेरीच्या फाटकाशी पोचला होता. साहेब व्हरांड्यात आले. माझं भाषण तयार होतं, चार मुद्दे, प्रत्येकात तीन उपमुद्दे. पण साहेबांची नजर फलकावर गेली आणि ते हसले. "अहो बाई, तुमच्या माशाला डोळाच नाही!"

चार मुद्द्यांत याचं उत्तर नव्हतं. तेवढ्यात माझ्या शेजारून कोळीण आजी पुढे झाली. तिने पदर खोचला आणि एकेक शब्द टाकला. "कंपनीचे पान्यान् गेला त्याचा डोला. आमचे जाल्यान् आसंच मासं येतान. पर सायब, तुमचा तं हाय ना डोला? मंग या की बघाया."

मग जो आवाज उठला तसा मी कुठल्याच सभेत ऐकलेला नाही. पाचशे माणसं एकदम ओरडली, "या की बघाया! या की बघाया!" माझा 'तीव्र निषेध' त्या दिवशी कायमचा मेला, आणि मी त्याच्यासाठी एक टिपूसही गाळलं नाही.

त्या गदारोळात मागून पंचा नेसलेला माणूस, एका हातात करवंटी, दुसऱ्या हातात ब्रश, गर्दी फाडत आला. "थांबा! थांबा! डोळा राहिलाय!"

आजीने त्यांचं मनगट धरलं. "कोन रं तू?"

"मासा माझा हाय."

"आता आमचा हाय. ब्रश खाली ठेव. पाईप बंद होस्तवर डोला लावाचा नाय."

"अगो बाय, मी आंघोळ करून आलोय!"

"मंग रोज आंगोल कर," आजी म्हणाली.

मोर्चा हसला, गाडीतून आलेली माणसं हसली, व्हरांड्यातला शिपाई हसला. आतोबा मात्र हसले नाहीत. ते त्या फलकाकडे बघत उभे राहिले, आणि करवंटीतला रंग केळीच्या पानाखाली हळूहळू सुकत गेला.

महिन्याभरात खाडीकाठच्या एकूण एक गावात तो मासा गेला. बायकांनी चुन्याने आणि गेरूने भिंतींवर काढला, पोरांनी होड्यांवर, कोणी एस.टी.च्या मागच्या धुळीत बोटाने. तीन रेषा, डोळा नाही. आम्ही कोणाला शिकवला नाही. आतोबांचा कायदा खरा ठरला होता. पण जिकडेतिकडे आपलाच मासा आणि सगळे आंधळे, हे त्यांना सहन होईना. माझ्यासारखे लोक अन्यायाने पेटतात. आतोबा पेटले ते अर्धवट राहिलेल्या कामाने. आणि मी अनुभवाने सांगते, ती आग जास्त चिवट असते. अन्यायाची सवय होते; अर्धवट कामाची होत नाही.

दर सोमवारी ते पेणहून गाडीने रोह्याला येत आणि कचेरीत अर्ज देत. अर्ज त्यांचा त्यांनीच लिहिलेला, वळणदार अक्षरात: 'विषय : माशाला डोळा काढण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदय, अर्जदार हा पेण येथील रहिवासी असून त्याच्या हातून आजवर एकही मूर्ती बिनडोळ्यांची गेलेली नाही. तरी सदर माशाचा डोळा सदर पाइपामुळे अडला असून, सदर पाइप त्वरित बंद करून अर्जदारास मोकळे करावे, ही नम्र विनंती.' कारकून पहिल्यांदा हसला आणि शिक्का मारला. दुसऱ्या सोमवारी हसला नाही, पण शिक्का मारला. आमची पत्रकं त्या कचेरीत कुठे जात ते देव जाणे, पण अर्जाला आवक क्रमांक पडतो, आणि क्रमांक पडलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं! पावसाळा गेला, दिवाळी गेली, फाइल जाड झाली. तिच्यावर कोणीतरी निळ्या शाईने लिहिलं, 'माशाचा डोळा'. वरच्या कचेरीतून तपासणी आली तेव्हा नेमकी तीच फाइल वर होती, आणि वरच्या साहेबांनी खालच्या साहेबांना विचारलं, हा काय प्रकार आहे, तुम्ही जागेवर जाऊन पाहिलंत का?

म्हणून साहेब आले. ऐन ओहोटीला आले, कारण वेळ आजीने कळवली होती. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलातून चालले. पुढे आजी, मागे आतोबा, त्यांच्यामागे अख्खं गाव. पाइपाच्या तोंडाशी जाऊन साहेबांनी नाकाला रुमाल लावला. मग त्यांनी बाटल्या मागवल्या आणि पाणी आपल्या हाताने भरलं. माणूस वाईट नव्हता. बघायला आला नव्हता इतकंच.

आणि पाइप बंद झाला! हे वाक्य मी पत्रकातही लिहिलं आहे, सभेतही ओरडून सांगितलं आहे, आणि इथे पुन्हा लिहिते. कंपनीला आपलं पाणी आपल्या आवारात साफ करायची सोय करावी लागली आणि खाडीतल्या पाइपाच्या तोंडात आमच्या डोळ्यांदेखत सिमेंट भरलं गेलं. सिमेंट ओलं असताना आजीने त्यावर बोटाने मासा काढला. मग वळून म्हणाली, "कुटं हाय तो आंगोलवाला?"

आतोबा गावच्या विहिरीवर होते. तीन घागरी डोक्यावरून घेतल्या, आणि ओल्याने चालत पहिल्या भिंतीशी आले. आजीने करवंटी धरली. आतोबांनी श्वास रोखला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांची आखणी इतक्या जवळून पाहिली. वरची पापणी एका ओढीत. खालची तिच्याहून हलकी. मग मधली काळी बाहुली, आणि तिच्यात मोकळा सोडलेला तिळाएवढा पांढरा. मासा बघायला लागला. खरंच बघायला लागला. पुढे बसलेली दोन पोरं मागे सरकली. कोणीतरी ढोल बडवला आणि मग काही ऐकू येईना. मी भिंतीखाली त्यांचं नाव लिहायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. "गणपतीच्या पाटाखाली कोण नाव लिहितो काय गो?" पुढचे अकरा दिवस ते गावोगाव हिंडले आणि एकूण एक माशाला डोळा देऊन पेणला परतले. आजीच्या पाटीतला मासा रोह्याच्या बाजारात लगेच खपला असं नाही. पण पुढल्या वर्षी खपला, आणि खाडीतला सगळ्यात मोलाचा मासा, पहिलं जिताडं, तिने विकलं नाही; फडक्यात बांधून पेणला पाठवलं.

याला आता काही पावसाळे झाले. मासे गावकऱ्यांनी चुन्याने, गेरूने काढलेले. ते धुऊन गेले. डोळे आतोबांचे, ऑइल पेंटचे, ते राहिले. खाडीकाठच्या भिंतींवर आता नुसते डोळे आहेत, पाण्याकडे बघणारे. मागे एस.टी.त माझ्यापुढे दोघं बसले होते. एक म्हणाला, ही डोळ्याच्या डॉक्टरची जाहिरात. दुसरा म्हणाला, नाय रे, कुठल्यातरी बुवाचा पंथ आहे. मी उठून उभी राहिले आणि वडखळ येईपर्यंत अख्ख्या गाडीला खरा इतिहास ऐकवला.

परवा पेणला गेले तेव्हा हे आतोबांना सांगितलं. त्यांनी हल्ली आखणी सोडली आहे. श्वास तेवढा वेळ धरवत नाही. पूर्वीचे असते तर टोपी घालून बाजारात निघाले असते. आता नुसते ऐकत राहिले. ते लॅमिनेट केलेलं पान मांडीवर होतं. त्यांनी त्यावरचा अंगठा उचलला.

"एक राहिलं," ते म्हणाले. "मासा हिच्या रांगोळीतला. तो पावसात गेला. डोळा तेवढा राहिला, म्हणून लोक माझंच धरतील. तू लिहितेस ना? हिचं लिही."

"मग तिच्यासमोर म्हणा की!" मी म्हणाले.

त्यांनी गच्चीकडे तोंड केलं. आत्या फितींच्या चकाकीत पापड उलथत होती. "ऐकलंस का गो? मासा तुझा होता!"

आत्याने मान वर केली नाही. पापड उलथत राहिली. "हल्ली कानानं कमी झालीय," आतोबा माझ्याकडे न बघता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत निघायला दाराशी आले, तर उंबऱ्याबाहेर रांगोळीचा मासा होता. तीन रेषांचा. कुंकवाची डबी शेजारीच उघडी ठेवलेली, आणि डोळ्याची जागा रिकामी. आत्या चहा टाकायला आत गेली होती. मी चप्पल घातली नाही, तशीच बाजूला सरून उभी राहिले. मोरीत तांब्याचा आवाज येत होता.